काजळी धरलेल्या घरातले फोटो

माझ्या दुकानात वीज नव्हती. जव्हारच्या बाजारात एका घराच्या माडीवर मी फोटोचं दुकान मांडलं, तेव्हा छपराच्या उत्तरेकडची कौलं उतरवून तिथं काचा बसवून घेतल्या होत्या. त्या काचांतून येणाऱ्या उजेडात गिऱ्हाईक बसवायचं, मान सरळ करायला सांगायचं, भिंग उघडायचं आणि मिटायचं. पावसाळ्यात काचांवर शेवाळ चढे आणि धंदा जवळजवळ बंद पडे. तेव्हा संस्थान होतं. दरबाराचे मोठे फोटो काढायला मुंबईहून नावाजलेले लोक येत. माझ्याकडे मुंजी, बारशी, शाळेतले गट आणि निवृत्त होणारे कारकून येत. माझी तक्रार नव्हती. कारकून हालत नाहीत.

अडचण यायची ती घरात जाऊन फोटो काढायची वेळ आली की. आमच्या डोंगराळ मुलखातली घरं आतून काळोखी. खिडकी नाही, दार बुटकं, चुलीचा धूर वर गवताच्या छपरात मुरलेला. तिथं उजेड आपण घेऊन जावा लागे. तो उजेड म्हणजे मॅग्नेशियमची पूड. तिच्यात दुसरी एक पूड मिसळायची, ती लांब दांड्याच्या पत्र्याच्या तबकडीत पसरायची आणि ठिणगी पाडायची. भक्कन जाळ होई, पाठोपाठ पांढऱ्या धुराचा लोट. हे सगळं निमिषात.

ज्यांनी कधी फिल्म हाताळली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फिल्मला उजेड मोजून पाजावा लागतो. कमी पडला तर फोटो काळा, जास्त झाला तर माणसं पिठात लोळल्यासारखी. उन्हात काम असलं की भिंग किती वेळ उघडं ठेवायचं यावर हे माप साधता येतं. जाळाच्या उजेडात तसं करता येत नाही, कारण तो उजेड स्वतःच क्षणात संपतो, मग भिंग कितीही उघडं ठेवा. हातात उरतात तीन गोष्टी: पूड किती घ्यायची, माणसापासून किती लांब पेटवायची आणि भिंगाचं तोंड किती उघडायचं. पुडीच्या डब्यावर तक्ता छापलेला असे, इतक्या फुटांवर इतकी पूड, इतकं तोंड. तो तक्ता ज्यांनी केला त्यांच्या घरांच्या भिंती पांढऱ्या असाव्यात, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

पुडीचा पहिला धडा मला एका मुंजीत मिळाला. संस्थानातल्या एका अधिकाऱ्यांच्या घरी माजघरात मातृभोजनाचा फोटो काढायचा होता. बटू आईच्या मांडीवर, भोवती सवाष्णी, समोर पानं वाढलेली. मी तक्त्याप्रमाणे पूड घेतली आणि वर आपली म्हणून चिमूटभर घातली. जाळ चांगला झाला. धूर त्याहून चांगला झाला. फोटो सुरेख आला, पण तो पाहायच्या आधीच पांढरी राख सावकाश खाली उतरली आणि सगळ्यांच्या श्रीखंडावर बसली. यजमानीणबाई म्हणाल्या, "फोटो आधी काढायचा की जेवण आधी, हे तरी विचारायचं होतंत." तेव्हापासून मी जेवणाआधी पानं रिकामी ठेवायला सांगू लागलो. त्या बाईंकडचं पुढचं प्रत्येक कार्य मात्र मलाच मिळालं, कारण त्या फोटोत त्या फार चांगल्या दिसत होत्या.

दुसरे एक शाळामास्तर होते. जाळ झाला की त्यांचे डोळे मिटत. पुडीचा जाळ थोडा सावकाश चढतो, त्यामुळे चपळ पापणीच्या माणसाला मिटायला वेळ मिळतो, आणि मास्तरांची पापणी फार चपळ होती. त्यांचे तीन गट-फोटो झोपेतच आले. चौथ्या वेळी मी त्यांना डोळे मिटूनच बसायला सांगितलं आणि मी "हां" म्हणालो की उघडा म्हटलं. त्यांनी ते इतक्या निष्ठेनं केलं की फोटोत ते भूत पाहिल्यासारखे आले. ते म्हणाले, "हा राहू द्या. यात मी जागा तरी आहे."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती लखमाची आणि त्याच्या बायकोची आहे.

लखमा साखरशेतजवळच्या एका पाड्यावरचा वारली. भात-नाचणीचा थोडा तुकडा, बाकी मिळेल ते काम. पाड्यांवर जायचं असलं की कॅमेऱ्याची पेटी, तिपाई आणि पुडीचं सामान वाहायला मी त्याला बोलावत असे. वयानं माझ्याच जोडीचा. उंच, सडसडीत, कमी बोलणारा. तिकडचे लोक राजापासून रंकापर्यंत सगळ्यांना एकेरीत बोलतात, त्यामुळे तो मला "शेट" म्हणे आणि "तू" म्हणे. त्याची बोली मी इथं आपल्याला कळेल इतपत सरळ करून लिहितो आहे.

आमची ओळख पक्की झाली ती मोखाड्याकडच्या एका बैलामुळे. तिथल्या एका पाटलाला आपल्या बैलाचा फोटो हवा होता. उन्हात बाहेर आणा म्हटलं तर ते ऐकेनात. बाहेर चार लोक बघतील, दृष्ट लागेल. फोटो घरातच काढायचा. बैल काळा, घरातली गुरं बांधायची बाजू काळी, वरचं छप्पर धुरानं काळं. मी तक्त्याप्रमाणे पूड घेतली. पेटवली, तसा बैलानं दावं तोडलं आणि माझ्या तिपाईच्या दिशेनं निघाला. लखमा मध्ये आला. त्यानं आरडाओरडा केला नाही, शिंगाला हात घालून बैलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटत तो त्याच्याबरोबर दारापर्यंत गेला आणि तिथं दोघे उभे राहिले. कॅमेरा वाचला.

फिल्म धुतली तर तिच्यावर दोन चमकणारे डोळे आणि शिंगांची टोकं, बाकी सगळा काळोख. मी पाटलांना पैसे परत देऊ लागलो. पाटील फोटो उलटसुलट बघून म्हणाले, "परत कशापायी? डोळे आले ना? बैल डोळ्यातच असतो." ते खूश होते. मी नव्हतो. तिथं मला समजलं की पांढऱ्या भिंतीच्या खोलीत जाळाचा उजेड चहूकडून उसळून माणसावर परत येतो, आणि काजळी धरलेल्या घरात तो भिंतीला लागतो तो तिथंच विरतो. त्या घरांत तक्त्याच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. पण पूड तिप्पट केली तर जाळ थेट छपराच्या गवताला भिडणार. म्हणून पाड्यांवर घरात फोटो काढायचं मी जवळजवळ सोडूनच दिलं. लोकांना अंगणात बोलावत असे.

बरीच वर्षं अशी गेली. मग काचेचे बल्ब निघाले. अंड्यापेक्षा मोठा बल्ब, आत चुरगळलेला चंदेरी कागद भरल्यासारखं दिसे. सेलच्या दांड्यावर बसवायचा, मागं चकचकीत वाटी, बटण दाबलं की आतल्या आत पेटून संपतो. धूर नाही, राख नाही, बाहेर जाळ नाही. एक बल्ब एकदाच. मुंबईच्या ज्या व्यापाऱ्याकडून मी फिल्म मागवत असे त्यानं नमुना म्हणून तीन बल्ब पाठवले. एक मी दुकानात भिंतीवर पेटवून पाहिला. दोन उरले, ते कापसात गुंडाळून ठेवले.

त्याच सुमारास लखमा दुकानात येऊन बसला. पोरीचं, चैतीचं, लग्न ठरलं होतं. तो म्हणाला, "शेट, माझ्या घरात येऊन एक फोटू काहाड."

"लग्नाचा? अंगणात काढू की."

"अंगणात नाय. बुधीचा काहाड. चौकापाशी."

बुधी ही त्याची बायको. वारल्यांच्या लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहितात. सवाष्णी तो लिहितात, आणि बुधीचा हात त्या भागात नावाजलेला होता. आसपासच्या पाड्यांवर लग्न असलं की तिला बोलावणं येई. पण गेल्या हिवाळ्यापासून ती तापानं आणि खोकल्यानं खंगली होती. भगत झाले, झाडपाला झाला, जव्हारच्या दवाखान्यातलं औषध झालं. लखमा खाली बघून म्हणाला, "हा पाऊस ती काढत नाय. पोरीनं उद्या विचारला, आई कशी होती, तं मी काय दाखवू?"

मी बल्बांची पेटी काढून ठेवली.

लग्नाच्या आदल्या दुपारी मी पाड्यावर पोचलो. अंगणात मांडव होता, माणसं कामात होती. बुधी आत भिंतीशी बसून लिहीत होती. गेरूनं सारवलेली तांबडी भिंत, बांबूची काडी ठेचून केलेली लेखणी, करवंटीत पातळ कालवलेलं पीठ. भिंतीवर चौकोन आखून झाला होता, कडेची नक्षी झाली होती. चौकोनाबाहेर झाडं, माणसं, डोक्यावर भारे घेतलेल्या बाया, फेर धरून नाचणारी रांग. ती एक रेघ ओढी आणि खोकला आवरेपर्यंत थांबे. रेघ कुठं हललेली नव्हती.

शेजारी म्हातारी धवलेरी बसली होती. धवलेरी म्हणजे लग्नाची गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. आपल्याकडे जो मान भटजींचा, तो तिथं तिचा. मी तिला आधी विचारलं, इथं उजेड केला तर चालेल का. ती म्हणाली, "मी गाणा म्हणून देवीला बोलावली का मंग नाय. तोवर ती भिंत हाय. तुला काय करायचा ते तोवर कर."

मी तिपाई दाराशी लावली, कारण दुसरीकडे मागं सरायला जागाच नव्हती. माझा बेत सोपा होता. एक बल्ब चौकासाठी, एक बुधीच्या चेहऱ्यासाठी. दोन्हींचं माप वेगळं पडतं. पांढऱ्या पिठाच्या रेघा उजेड परत फेकतात, त्यांना थोडका पुरतो. तेवढ्याच उजेडात त्या घरात बसलेल्या सावळ्या माणसाचा चेहरा काळोखात बुडतो. आणि चेहऱ्याला पुरेल इतकं भिंग उघडलं, तर मागच्या चौकाच्या रेघा एकमेकींत मिसळून नुसता पांढरा डाग होतो. म्हणून दोन बल्ब, दोन फोटो.

पहिला बल्ब दांड्यात बसवत होतो. दांड्याचं बटण आतल्या आत अडकून राहिलं होतं. बल्ब तळाशी टेकला आणि माझ्या मुठीतच पेटला.

सगळ्या घराला एकदम पांढरं काहीतरी दिसलं आणि मग कुणालाच काही दिसेना. उजव्या हाताची बोटं भाजली. बल्ब खाली पडून फुटला. एक पोर रडायला लागलं, बाया दाराकडे धावल्या, त्यांच्या धक्क्यानं तिपाई कलंडली ती लखमानं अंधारात चाचपडून धरली. छपराला काही झालं नव्हतं, पण ते नक्की कळेपर्यंत दोन माणसं हंडे घेऊन आत शिरली होती.

धवलेरी जागची हलली नव्हती. म्हणाली, "जाला तुझा. निघ आता."

मी सामान आवरायला लागलो, डाव्या हातानं. तेवढ्यात बुधी उठून आली. तिनं माझा हात धरून बघितला आणि करवंटीतलं गार पीठ बोटांवर लिंपलं. मग धवलेरीला म्हणाली, "आजी, अजून एक हाय त्याच्यापाशी. तो करू दे."

"घर जळंल."

"जळला नाय ना. करू दे. चौक माझा हाय."

धवलेरीनं तोंड फिरवलं. तो होकार होता.

आता एकच बल्ब होता, आणि खरा पेच तिथं पडला. मी दोघांना सांगितलं की यात एकच गोष्ट नीट येईल. एक तर चौक, नाहीतर बुधी.

"चौक काहाड," बुधी म्हणाली.

"तिचा तोंड काहाड," लखमा म्हणाला.

बुधी त्याच्याकडे वळली. "माझा तोंड काय बघायचा हाय? इतकी वर्षं बघतूस. चौक लगीन जाला का सारवायचा. किती लिवले, एक तरी हाय का कुठं?"

"चौक दुसरी कोण लिवंल."

"असा नाय लिवणार."

"तुझा तोंड बी कोण दुसरी आणील का?" लखमा म्हणाला. बुधीला त्याच्या बोलण्यामागचं कळलं असणार, कारण तिनं पुढं वाद घातला नाही. आतापर्यंत ती बरी होईल असंच सगळे तिच्यासमोर बोलत होते. बाहेर मांडवात कुणीतरी तारपा वाजवून बघत होतं.

दोघं माझ्याकडे बघायला लागली. त्यांच्या भांडणाचा निवाडा म्हणजे भिंगाचं तोंड किती उघडायचं, एवढाच प्रश्न होता, आणि तो मी सोडवायचा होता. तो त्या वेळी कसा सुचला ते सांगता येत नाही. दुकानात वाचून माहीत होतं की दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. आजवर मी उजेड नेहमी कॅमेऱ्याजवळ धरला होता, तक्ता तसाच सांगे. कॅमेऱ्यापाशी उजेड धरला तर बुधी आणि भिंत यांना तो जवळजवळ सारखाच मिळणार. पण उजेड कॅमेऱ्यापासून काढून बुधीच्या जवळ नेला, आणि बुधीला भिंतीपासून पुढं आणून बसवली, तर तिला मिळेल त्याच्या चौथाईच उजेड चौकाला मिळेल. सावळ्या चेहऱ्याला भरपूर, पांढऱ्या रेघांना थोडका. जे दोघांना हवं तेच.

मी बुधीला भिंतीपासून हातभर, मग आणखी थोडं पुढं बसवलं. लखमाच्या चालीनं अंतर मोजलं. दिवा तिच्यापासून जितका, तितकीच भिंत तिच्या मागं. दिवा डोक्याच्या वर आणि एका बाजूला धरायचा, म्हणजे तिची सावली चौकावर न पडता बाजूच्या कुडावर पडेल. बल्बांच्या पेटीवरचा तक्ता सांगत होता त्यापेक्षा भिंगाचं तोंड दोन घरं जास्त उघडलं, त्या काजळीचा हिशेब म्हणून. हे सगळं बरोबर आहे की नाही ते फिल्म धुतल्यावरच कळणार होतं, आणि चुकलं असतं तर दुसरा बल्ब मुंबईला होता.

दिवा धरायला माझा हात चालत नव्हता. लखमाच्या हाती दांडा दिला. या वेळी बटण आधी चारदा दाबून, सोडून पाहिलं.

"मी हां म्हटलं की दाबायचं. डोळे मिटून घे, नाहीतर दिपतील."

"मिटत नाय," तो म्हणाला. "तिच्याकडं बघतंय."

दार लोटून घेतलं. काळोखात भिंग उघडं टाकलं तरी चालतं, फिल्मला काही दिसत नाही; मग उजेड पडतो आणि जे काही घडायचं ते तेवढ्यातच घडतं. पिठानं माखलेल्या बोटांनी मी भिंग उघडलं आणि "हां" म्हणालो. उजेड पडला. मी भिंग मिटलं. धवलेरी म्हणाली, "आता दार उघडा, मना गाणा म्हणायचा हाय."

फिल्म मी तिसऱ्या दिवशी धुतली, हात जरा बरा झाल्यावर. हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या क्षाराच्या, पाण्यातून काढून काचांखाली धरली तेव्हा आधी चौक दिसला, रेघ न् रेघ सुटी. मग बुधी. वाळलेले गाल, कपाळावरचं गोंदण, मांडीवर ठेवलेला हात, त्याच्या नखांत अडकलेलं पीठ. ती दिव्याकडे बघत नव्हती, कॅमेऱ्याकडेही नाही. दिवा धरणाऱ्याकडे बघत होती. माझ्या धंद्यात मी हजारो फोटो काढले असतील. माप इतकं नेमकं बसलेले थोडे.

लखमाला मी प्रत दिली. त्यानं ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "ह्यो पुसत नाय ना?" मी म्हटलं, उन्हात ठेवू नकोस, पाण्यात भिजवू नकोस, नीट राहील. त्यानं ती कागदात, मग पळसाच्या पानात गुंडाळून कनवटीला लावली. पुढं माझ्याबरोबर कामाला आला की ती त्याच्या कनवटीला असेच. कोपरे झिजले, मध्ये घडी पडून भेग गेली. घरी ठेव म्हटलं तर म्हणे, घरात वाळवी हाय.

बुधीनं तो पाऊस काढला. का आणि कसा, ते कुणालाच सांगता आलं नाही. दवाखान्यातले डॉक्टर आपल्या औषधाला श्रेय देत, पाड्यावरचे लोक भगताला. भादव्यात ती शेतावर दिसायला लागली, आणि पुढल्या लग्नसराईत शेजारच्या पाड्यावर चौक लिहायला गेली. लखमा मला हे सांगायला मुद्दाम जव्हारला आला होता. सांगून झाल्यावर तो हसला. त्याला मोठ्यानं हसताना मी तेवढंच पाहिलं.

संस्थान विलीन झालं त्याच्या थोडं आधी, उन्हाळ्यात, लखमा गेला. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, ऐनाच्या झाडाच्या फांद्या तोडायला वर चढला होता, पाय निसटला. मला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते. त्याच्या जागी मी दुसरा माणूस घेतला. काम थांबत नाही.

पाऊस संपल्यावर एके दिवशी बुधी दुकानाच्या पायऱ्या चढून आली. सोबत कुणी नव्हतं. साखरशेताकडून ती चालत आली होती. बाकावर बसायला सांगितलं तरी जमिनीवरच बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "शेट, त्याचा एक फोटू दे."

मी म्हटलं, शोधतो. आणि शोधायला बसलो. मी निगेटिव्ह पाकिटांत घालून पेट्यांत लावून ठेवत असे. मोखाडा, जामसर, वावर, सगळ्या फेऱ्यांच्या पेट्या उघडल्या. प्रत्येक फेरीला तो होता. बैलाच्या वेळी होता, नदीपलीकडच्या शाळेच्या वेळी होता, पूर आला तेव्हा पेटी डोक्यावर घेऊन पाण्यातून तोच उतरला होता. कुठल्याही फिल्मवर नव्हता. असणार कसा? तो कायम माझ्या बाजूला उभा असे. मी त्याचा फोटो कधी काढला नाही, आणि त्यानं कधी मागितला नाही.

दुपार कलली. शेवटी मी म्हटलं, "बाई, त्याचा एकही नाही. तुझाच तेवढा आहे, चौकापाशी काढलेला. त्याच्याकडे होता की तो?"

"तो त्याच्या कनवटीला व्हता. तसाच त्याच्यासंगं जाळला."

मी त्या निगेटिव्हवरून नवी प्रत काढली. काचांखाली कागद उजेडाला धरून, मग पाण्यातून काढून, पुसून तिच्यासमोर ठेवली. तिनं स्वतःचा चेहरा पाहिला नसावा. चौकावरूनही तिची नजर लवकर उतरली. ज्या बाजूनं उजेड आला होता, फोटोच्या त्या कडेवर तिनं बोट ठेवलं. तिथं काही नव्हतं. सारवलेल्या भिंतीचा तुकडा, तोही कडेला कापला गेलेला.

"हा उजेड त्यानं धरलेला ना?" तिनं विचारलं.

"हो. बटणही त्यानंच दाबलं."

"मंग ह्योच दे," ती म्हणाली, आणि पदराच्या टोकात फोटो बांधायला लागली.